मैदानावर सगळे होते म्हणे, मग रॉकेलच्या लाईनीत कोण होतं?

शाळेच्या ग्रुपवर महिन्याभरात तो मेसेज चौथ्यांदा आला आणि या वेळी नुसता अंगठा दाखवून पुढे जायला जीव होईना. तुम्हालाही आला असेलच, सगळीकडे फिरतोय. ‘ऐंशीच्या दशकात हायस्कूलला असलेली आमची शेवटची भाग्यवान पिढी’ अशी सुरुवात आणि मग एकेक मुद्दा. आमच्याकडे टीव्ही नव्हता म्हणून आम्ही कायम मैदानावर, आम्हाला क्लास-ट्यूशन माहीत नव्हते, आईबाप आम्हाला मोकळं सोडायचे, दिवेलागणीला घरी आलं की झालं, आम्ही भरपूर वाचायचो, खिशात पैसा नसताना मजा करायचो, व्यसन नाही की वाईट संगत नाही, कंटाळा हा शब्द आमच्या डिक्शनरीत नव्हता. शेवटी आजच्या पोरांना दोन टोमणे आणि ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’.

मी सहमत नाहीये. आणि मी काही बाहेरून बोलत नाही, मी त्याच दशकातली आहे. जून ८२ ला आठवीत गेले, मार्च ८५ ला दहावीचे पेपर दिले, लालबागची चाळ, दहा बाय बाराची खोली, वडील गिरणीत आणि आई खाणावळ चालवायची. तेव्हा आता मुद्दे घेते, पण फॉरवर्डच्या क्रमाने जाईनच असं नाही.

टीव्ही नव्हता हे कुठल्या गावाबद्दल लिहिलंय कोण जाणे, मुंबईबद्दल तर नक्कीच नाही. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, म्हणजे मी धड बोलायला लागले तेव्हापासून या शहरात टीव्ही आहे. ८२ साली तो रंगीत झाला, त्याच नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झालं आणि ज्यांना परवडत होतं त्यांनी हप्त्यावर का होईना रंगीत सेट आणले. आमच्या मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि दोन टीव्ही, दोन्ही ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी शटरवाले, वर क्रोशाचा रुमाल. गुरुवारी छायागीत, शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी संध्याकाळी हिंदी, आणि त्या दोन दारांत चपलांचा असा ढीग की नंतर आपली जोडी शोधताना भांडणं व्हायची. एका काकूंनी मग डोक्यामागे चार आणे घ्यायला सुरुवात केली, त्यांना तरी काय बोलणार, लाईटबिल त्यांचं आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. ज्यांच्याकडे चार आणे नसायचे ते गॅलरीत उभे राहून खिडकीच्या गजांतून बघायचे. मी कितीतरी सिनेमे असेच बघितलेत. त्या खिडकीतून पडद्याची उजवी बाजू कपाटाआड जायची, त्यामुळे हिरॉईन उजवीकडे सरकली की माझ्यापुरती ती सिनेमातून गेलीच.

२५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर आपण १८३ वर ऑल आऊट झालो आणि तरी वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळून ४३ रननी जिंकलो, ते आमच्या चाळीने टीव्हीवरच बघितलं, मध्यरात्रीच्या आसपास फटाके फुटले आणि पहाटे नळाला सगळ्यांचे डोळे लाल. ८४ च्या जुलैत ‘हम लोग’ आली, ८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं आणि त्या तासाला गल्लीत कुत्रं दिसायचं नाही. मैदानं ओस पडायची ती तेव्हाच पडायला लागली होती ना? आणि व्हिडिओ विसरले सगळे! रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, वर्गणी काढायची, तीन कॅसेटी, पहिली सगळ्यांनी बघायची, दुसरीला बायका पेंगणार, तिसरी पहाटे चारला संपणार आणि पोरं तशीच शाळेत जाऊन बाकावर झोपणार. जरा बऱ्या वस्तीतल्या बिल्डिंगींमध्ये तर ८५-८६ पर्यंत गच्चीवरून केबलच्या वायरी पण आल्या होत्या.

खरं काय ते मी सांगते. टीव्ही होता, पण त्याच्यावर दिवसभर काही लागायचंच नाही. संध्याकाळी सुरू, रात्री बंद. दुपारी चार वाजता दूरदर्शनवर हवं ते लागत असतं तर त्या मैदानावरची अर्धी पोरं चार वाजता कुठे सापडली असती हे मला पक्कं माहीत आहे, आणि उरलेली अर्धी खिडकीच्या गजांना लटकलेली असती.

क्लासचा मुद्दा दोन मिनिटांत उरकते. ७५ साली अकरावी मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली, तेव्हापासून दहावी म्हणजे आयुष्याचा निकाल अशी हवा होती. नवनीतचं गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, मे महिन्यातली व्हेकेशन बॅच, इंग्रजी-गणिताचे खासगी सर, हे सगळं होतं, दादर-गिरगावात तर गल्लोगल्ली बोर्ड होते. ८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि मग ज्यांच्या गाठीला पैसा होता त्या आईबापांच्या डोळ्यांसमोर बारावी आणि तिचे मार्क नाचायला लागले. निकालाच्या दिवशी मेरिटवाल्यांचे पेढा भरवतानाचे फोटो पेपरात, आणि बाकीच्यांची ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेची वारी. आम्हाला क्लास नव्हते हे खरं, पण माहीत नव्हते म्हणून नाही, फी नव्हती म्हणून. क्लासला जाणाऱ्या मैत्रिणीच्या नोट्स मी रात्री उतरवून सकाळी परत द्यायचे, हा पण माझा फावला वेळच होता म्हणायचा.

आता मुख्य गोष्ट. ‘आम्ही मैदानावर असायचो.’ आम्ही म्हणजे कोण?

आमच्या वर्गात तीसेक मुलगे आणि वीस-बावीस मुली होत्या. त्या फॉरवर्डमध्ये गोट्या आहेत, भोवरा आहे, विटीदांडू, पतंग, क्रिकेट, मांजा, भाड्याची सायकल, विहिरीत पोहणं सुद्धा आहे (लालबागमध्ये विहीर कुठे होती पोहायला ते कोणीतरी सांगा बाबा). त्यात एकही मुलगी नाही. मला एकही पोरगी हातात बॅट घेतलेली आठवत नाही. सातवीपर्यंत आम्ही गॅलरीत सागरगोटे, अंगणात लंगडी आणि लगोरी खेळायचो, नवरात्रात भोंडला, ते खरंच मस्त होतं, खोटं कशाला बोलू. पण आठवीत गेलं, अंग भरलं, की एक दिवस आई नुसतं म्हणायची, ‘आता पुरे हं.’ बस्स. त्यावर चर्चा नाही. त्या दिवसापासून आपलं मैदान म्हणजे गॅलरीचा कठडा.

त्या कठड्यावरून मला गल्ली क्रिकेटचे सगळे नियम पाठ झाले होते. एक टप्पा हातात आला तर आऊट. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत डायरेक्ट गेला तर आऊट. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या खोलीत गेला तर आऊट आणि बॉल पण गेला, कारण ते ब्लेडने कापून परत टाकायचे. गटारात गेला तर ज्याने मारला त्याने काढायचा. माझा भाऊ माझ्याहून दीड वर्षाने मोठा, तो तिकडे बॉलिंग टाकायचा आणि मी वरून गहू निवडता निवडता बघायचे. मला त्याचा राग यायचा असं नाही, तेव्हा ते तसंच असतं असं वाटायचं. राग आता येतो, फॉरवर्ड वाचल्यावर.

कारण माझा दिवस असा होता. पहाटे साडेचारला नळ यायचा. मजल्याच्या टोकाला एक नळ, हंडे-कळश्यांची रांग, सहाला पाणी जाणार म्हणजे जाणार. आईचे हात चुलीत अडकलेले, म्हणून पाणी माझ्याकडे. भाऊ आरेच्या केंद्रावर दुधाचं कार्ड घेऊन जायचा, काचेच्या बाटल्या, वर चंदेरी झाकण, ते काम मुलग्यांचं कारण अंधार असायचा. मग खाणावळ. आमच्याकडे चौदा मेंबर जेवायला होते, सगळे गिरणीवाले, कोणी रत्नागिरीकडचे, कोणी सातारा-सांगलीचे, बायकामुलं गावाला, इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. गिरणगावात, म्हणजे आमच्या या गिरण्यांच्या वस्तीत, अशा खाणावळवाल्या घरोघरी होत्या, प्रेमा पुरवांनी ७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. पहिल्या पाळीचे दुपारी सुटून आले की पहिली पंगत, मग रात्रीची, आणि मधले डबे. मी शाळेतून आले की दप्तर पोटमाळ्यावर फेकायचं आणि परात घ्यायची. सातवीतल्या मुलीने एका बसणीत पन्नास-साठ चपात्या लाटायच्या म्हणजे काही ग्रेट नाही, प्रत्येक दुसऱ्या घरात तेच चालायचं. चपाती लाटताना समोर पुस्तक उघडं ठेवायचं आणि पिठाच्या बोटांनी पान उलटायचं, माझ्या इतिहासाच्या पुस्तकावर दहावीपर्यंत पिठाचे ठसे होते.

आणि लाईन. ऐंशीच्या दशकातल्या फावल्या वेळावर कोणी लिहायला बसलं आणि त्यात लाईन नसेल तर त्याने एकतर लिहू नये किंवा तो फार बऱ्या घरातला असावा. रेशनच्या साखरेला लाईन, दिवाळीआधी पामतेलाला लाईन, आणि सगळ्यात मोठी रॉकेलला. ‘आज गाडी येणार’ अशी कुठून तरी कुणकुण लागायची, दुपारपासून डबे लागायचे. माणूस नसेल तर डबा, डबा नसेल तर वीट, फुटकी बादली, कोणाची तुटकी चप्पल, आणि प्रत्येक वस्तू कोणाची हे सगळ्यांना माहीत. गाडी कधी चारला यायची, कधी सातला, कधी यायचीच नाही. मुलगे डबा लावायचे आणि ‘लक्ष ठेव गं’ म्हणून खेळायला पळायचे, आणि आम्ही पोरी लाईन पुढे सरकली की आपला डबा आणि पायाने त्यांचा डबा, असे दोन-दोन, तीन-तीन डबे सरकवत उभ्या. हातात विणकाम नाहीतर पाठांतराची वही. शेवटी आपला नंबर आला की तो माणूस माप असं भरायचा की वरचा फेस धरून लिटर, नरसाळ्यातून खाली सांडलेलं आपल्या नशिबाचं. घरी येईपर्यंत हाताला वास, तो साबणाने जात नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर पण येतो.

तर मैदानावर पोरं होती हे खरं आहे. ती तिथे असू शकत होती कारण त्यांचा डबा कोणीतरी सरकवत होतं.

‘आईबाप मोकळं सोडायचे’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार. तो संप कधी कोणी रीतसर मागे घेतला सुद्धा नाही, तो नुसताच विरत गेला. तो सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. पहिले काही दिवस आम्हा पोरांना मजा वाटली, वडील घरी, भोंगा नाही. भोंग्यावर आमच्याकडे घड्याळं लागायची, सकाळी भोंगा झाला की उठायचं, तो बंद झाला तर लोक तरीही त्याच वेळेला उठून बसायचे आणि काय करायचं ते कळायचं नाही.

मे महिन्यापर्यंत आमचे चौदाचे मेंबर तीन झाले. बाकीचे गावाला गेले, शेती बघतो म्हणून, संप मिटला की येतो म्हणून. आईच्या हिशेबाच्या वहीत त्यांची नावं आणि पुढे थकलेले पैसे, ती वही तिने खूप वर्षं टाकली नाही. कोणाला दोष देणार, त्यांच्याकडेच नव्हते. मग घरात पिशव्या आल्या. वाण्याकडे लागतात त्या कागदी पिशव्या, रद्दीच्या पेपरच्या. मैद्याची खळ स्टोव्हवर शिजवायची, किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, पाव किलो, अर्धा किलो, किलो असे मापाचे पुठ्ठे कापून ठेवायचे, त्यावर घडी, बोटाने खळ ओढायची, दाबायची, बाजूला. शेकड्यावर पैसे मिळायचे. संध्याकाळी आठ ते अकरा आम्ही सगळे, वडील पण. लूमवर बारीक सूत सांभाळणारे त्यांचे हात, पण पिशवीची घडी त्यांची कायम वाकडी यायची आणि आई ती गुपचूप परत करायची, त्यांना दिसणार नाही अशी. ते मी बघितलंय.

भाऊ पेपर टाकायला लागला. वर्गातले काही जण त्या जूनला आलेच नाहीत. बाईंनी हजेरी घेताना नाव घेतलं, कोणीतरी म्हणालं, ‘गावाला गेला’, पुढचं नाव. दोन-तीन महिन्यांनी ती नावं हजेरीतून पण गेली. आईबापांनी त्यांना मोकळं सोडलं असं म्हणायचं का आपण? मोकळं सोडायचे कारण घरात बसायला जागा नव्हती, तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस दुपारी झोपलेला असायचा आणि आवाज झाला की फटका. ‘खाली जा’ म्हणजे काही स्वातंत्र्याचं शिक्षण नव्हतं हो, खोली रिकामी करा असा त्याचा अर्थ.

वाचनाबद्दल मात्र मी अर्धी सहमत आहे. वाचायचो. पण जे फॉरवर्डमध्ये सुचवलंय तसं थोर थोर काही नाही. कोपऱ्यावर एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, म्हणजे एका माणसाच्या दुकानात दोन फळ्या, रोजाच्या भाड्याने रहस्यकथा आणि वेताळाची कॉमिक्स. रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायची, आणि एका दिवसात संपवायची कारण दुसऱ्या दिवसाचं भाडं कोण देणार. शाळेत बालभारतीचा ‘किशोर’ यायचा, ७१ पासून निघतोय तो, पण आमच्या शाळेत तो काचेच्या कपाटात कुलपात असायचा, खराब होऊ नये म्हणून. कव्हर दिसायचं फक्त. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ पासूनची संस्था याच शहरात होती, पण फी आणि डिपॉझिट भरून मुलीला लायब्ररी लावून देणारं घर आमच्या मजल्यावर एकच होतं.

मी जास्तीत जास्त वाचलं ते पिशव्या करताना. घडी घालायच्या आधी जे दिसेल ते. अर्धी बातमी, कोर्टातला खटला पण निकाल पुढच्या पानावर, पाककृती पण मीठ किती ते कापलं गेलेलं, कथेचा मधलाच भाग. एकदा एक कथा इतकी चांगली होती की मी ती पिशवी चिकटवलीच नाही, उशीखाली ठेवली, आणि शेकडा मोजताना एक कमी भरली म्हणून आईने सगळा गठ्ठा परत मोजला. मी बोलले नाही.

पैशाशिवाय मजा, हो, ती होती, पण फुकट नव्हती, वर्गणीची होती. गणपतीत रस्त्यात पांढरा पडदा बांधून सोळा एमएमचा पिक्चर दाखवायचे, पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक, पुढे मोठी माणसं आणि पाठीमागे आम्ही. पाठीमागून सगळं उलटं दिसतं, हिरो डावखुरा, पाट्या उलट्या, आणि नावं उलटी वाचायची आम्हाला इतकी सवय झाली होती की ती पैज लावायची गोष्ट होती. रीळ बदलताना पाच मिनिटं लागायची तेवढ्यात कोणीतरी पडद्यावर हाताची सावली करून हरीण काढायचं. हे आठवलं की आत्ता पण हसू येतं. त्याच मंडपात ८४-८५ पासून ब्रेकडान्सच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि सगळी आजोबा मंडळी म्हणायला लागली की ही पिढी वाया गेली. होय, आपलीच भाग्यवान पिढी, तेव्हा वाया गेलेली होती.

ज्यांच्या खिशात पैसे होते ते ते खर्च करत होतेच. भारतमाताला नाहीतर दादरला प्लाझाला मॅटिनी, शाळा बुडवून, ब्लॅकने तिकीट. कोऱ्या कॅसेटमध्ये गाण्यांची यादी देऊन दुकानातून गाणी भरून आणायची. व्हिडिओ गेमचे पार्लर निघाले होते, टोकन टाकून खेळायचे, दुबईहून मामा आलेल्याच्या हातात छोटा गेम असायचा आणि त्याच्याभोवती आठ डोकी, त्या एवढ्याशा स्क्रीनमध्ये खुपसलेली. आता आपण नातवंडांना ज्यासाठी ओरडतो तेच.

व्यसन नव्हतं? हे लिहिणाऱ्याला मी काय म्हणू. ऐंशीच्या सुरुवातीला मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आलं, ‘गर्दुल्ला’ हा शब्द आपल्या वयाच्या लोकांनीच पहिल्यांदा ऐकला ना? सरकारला ८५ साली अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा करावा लागला तो कशासाठी केला? आमच्या शेजारच्या चाळीत एक मुलगा होता, भावाच्या टीममध्ये ओपनिंग खेळायचा, संपानंतर शाळा सुटली, मग जिन्याखाली बसलेला दिसायचा, मग घरातली भांडी विकायला लागला, तांब्याचा बंब पण गेला. वीस वर्षांचा व्हायच्या आत गेला तो. बाकी मटक्याच्या चिठ्ठ्या पोहोचवणारी पोरं हाफ पँटमधली होती, पोलीस लहान पोरांना धरत नाहीत म्हणून. आणि बेकार पोरं टोळ्यांच्या हाताला कशी लागली ते गिरणगावातल्या माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही. या मुद्द्यावर मी जास्त लिहीत नाही, त्या मुलाची आई अजून आहे.

कंटाळ्याचं तर हसूच आलं. अरे, मे महिन्याची दुपार विसरलात? पत्रे तापलेले, मोठी माणसं झोपलेली, कॅरमची पावडर संपलेली, स्ट्रायकर हरवलेला म्हणून शर्टाचं मोठं बटण घेऊन खेळायचं, तेही नको झालं की जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपला ओळखायच्या. ‘टाईमपास’ हा शब्द या शहरात काय उगीच रुळला? लोकलमध्ये खारे शेंगदाणे विकणारा पण ‘टाईमपास, टाईमपास’ ओरडायचा.

राहिला टोमणा. ‘आजची पोरं मैदानावर जात नाहीत.’ कुठल्या मैदानावर जायचं ते पण सांगा की. गिरण्यांची मुंबईत सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती. ९१ च्या विकास नियमावलीत असं ठरलं होतं की गिरणीची जागा विकसित करायची तर तीन वाटे, एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त जी जमीन आधीच मोकळी आहे तिची, ज्यावर शेड उभ्या आहेत ती धरायचीच नाही. आता गिरणीत मोकळी जमीन असणार किती? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये तो बदल कायम झाला. मैदानं होऊ शकली असती तिथे मॉल आणि टॉवर आहेत. हे काही आजच्या नववीतल्या पोराने मोबाईलवर गेम खेळून केलेलं नाही. तेव्हा तिशी-चाळिशीत होतो आपण, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्याच मॉलमध्ये जाऊन एसी खाल्लाय, मी पण. आणि आता आपल्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये ‘कंपाउंडमध्ये बॉल खेळू नये, गाड्यांना लागतो’ हा ठराव कोण मांडतं? सूचक आणि अनुमोदक दोघांचं वय बघा.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही, तिथे कोण वाचणार. तिथे फक्त एक प्रश्न टाकला, की १९८३ साली शाळा सुटल्यावर संध्याकाळी सातपर्यंत तुम्ही काय करत होतात, प्रत्येकाने खरं सांगा. आधी दोन तास कोणी बोललं नाही, नुसत्या निळ्या खुणा. मग एक म्हणाला, ‘वडिलांबरोबर भाजीची पाटी, चिंचपोकळी स्टेशनबाहेर.’ एक म्हणाली, ‘साडीला फॉल लावायचे, अजून डोळे दुखतात.’ एकाने लिहिलं की तो खरंच रोज शिवाजी पार्कला नेटमध्ये असायचा, आणि ते खरंच आहे, तो होता, चांगला खेळायचा. एकीने लिहिलं, ‘धाकट्या दोघांना सांभाळत होते, तुम्ही सगळे खाली ओरडत होतात त्याने ती झोपायची नाहीत.’

रात्री साडेअकराला, ज्याने तो फॉरवर्ड टाकला होता त्याचं आलं. ‘मी खालीच खेळत असायचो. रॉकेलच्या लाईनीत माझा डबा तू सरकवायचीस.’

मी लिहिलं, ‘एकदा तुझा भरला आणि मागे माझा लावला तर गाडी संपली होती. घरी मार खाल्ला मी त्या दिवशी.’

बराच वेळ काही नाही. मग, ‘म्हणजे पाच लिटर देणं आहे माझ्याकडे.’

‘दहा,’ मी लिहिलं. ‘डबा दहाचा होता.’